नभोवाणीचें कार्यक्रमपत्रक : एक साधनचिकित्सा

जुन्या कागदांचे संग्राहक मोडींतील किराणा मालाची यादीहि टाकून देत नाहींत. कैलासवासी राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून दप्तरें उजेडांत आणलीं, १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ छापावयास आरंभ केला, आणि कागद प्रथम जपावा व मग त्याची योग्यता ठरवावी हा धडा आम्हां सर्वांस घालून दिला. तथापि त्याच संग्राहकांच्या घरीं, ज्या पत्रकावर आपल्याच शहराच्या नभोवाणी-केंद्रानें ‘येत्या पंधरवड्यांत अमुक दिवशीं अमुक वेळीं अमुक गवई गातील, अमुक पंडित बोलतील’ असें छापलें, तें पत्रक पंधरवडा संपतांच रद्दींत जातें. त्याच केंद्रावरून रोज सकाळीं वाचलें जाणारें स्थानिक बातमीपत्र तर वाचून होतांच संपतें. तें रद्दींतहि जात नाहीं. हीं दोन्ही इतिहासाचीं साधनें आहेत काय, असल्यास कोणत्या दर्जाचीं, आणि त्यांवर विसंबून अलीकडे जें लिहिलें जात आहे तें कितपत ग्राह्य धरावें, ह्याची चिकित्सा करण्याचा हा प्रयत्न आहे. उदाहरणें बहुतेक पुणें व मुंबई येथील केंद्रांचीं घेतलीं आहेत. आमच्या वाचकांस तींच अधिक परिचयाचीं.

आधीं नांवासंबंधीं दोन शब्द. आकाशवाणी म्हणजे जिचा वक्ता दिसत नाहीं अशी वाणी. भागवतांत देवकीच्या वरातीच्या वेळीं कंसास ऐकूं आली ती. ती एका आगामी कार्यक्रमाचीच घोषणा होती, आणि ती अक्षरशः खरी ठरली ह्यांत नवल नाहीं, कारण ती लिहून ठेवणारा घटना घडून गेल्यावर लिहीत होता. आमच्या काळच्या नभोवाणीचें तसें नाहीं, हा मुद्दा पुढें येईलच. म्हैसूर येथें एम्. व्ही. गोपालस्वामी ह्यांनीं १९३५ सालीं काढलेल्या खाजगी केंद्रास ‘आकाशवाणी’ हें नांव होतें. सरकारी सेवेस ८ जून १९३६ रोजीं ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें नांव मिळालें. १९५७ पासून त्याच्या जोडीस ‘आकाशवाणी’ आलें. आणि २०२३ सालीं इंग्रजी नांव वापरांतून काढून दुसरें तेवढें ठेवण्यांत आलें. नांवांचा हा क्रम संग्राहकाच्या कामाचा आहे. ज्या कागदावर साल नाहीं त्याची पूर्वमर्यादा व उत्तरमर्यादा शिरोभागींच्या नांवावरून बांधतां येते.

मुंबईचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन ह्यांच्या हस्तें उघडलें. त्याचें ‘इंडियन रेडिओ टाइम्स’ हें पत्रक त्याच महिन्यांत, परंतु उद्घाटनाच्या आधींच निघालें होतें. म्हणजे पत्रक वडील आणि केंद्र धाकटें. पुढें १९३० सालीं ती कंपनी मोडली व कारभार सरकाराकडे गेला, तरी पत्रकाची परंपरा तुटली नाहीं. २२ डिसेंबर १९३५ पासून तें ‘इंडियन लिसनर’ ह्या नांवानें निघूं लागलें, पुढें पाक्षिकाचें साप्ताहिक झालें, ५ जानेवारी १९५८ पासून त्याचेंहि नांव ‘आकाशवाणी’ झालें, १९८३ सालीं तें पुन्हा पाक्षिक झालें, आणि पुढें बंद पडलें. कलकत्त्यास ‘बेतार जगत्’ हें बंगाली पत्रक १९२९ पासून निघत होतें. इंग्रजी पत्रकाचे कित्येक जुने अंक आतां संगणकावर घरबसल्या पाहावयास मिळतात, ही सोय मोठी आहे. पण ह्याच सोयीमुळें एक नवा दोषहि उत्पन्न झाला आहे, आणि त्याकडे लक्ष वेधणें हें ह्या लेखाचें मुख्य प्रयोजन आहे.

तो दोष असा. पत्रकांत छापलेलें आहे कीं अमुक दिवशीं रात्रीं अमुक विदुषी गातील. अलीकडचा लेखक तें पान पाहतो आणि ‘त्या दिवशीं त्या गाइल्या’ असें निःशंकपणें लिहितो. संस्कृत व्याकरण शिकविण्यांत माझी हयात गेली, म्हणून मला हें त्या भाषेंत सांगणें सोपें जातें : पत्रकाचें क्रियापद लृट् ह्या लकाराचें आहे, लेखक त्याचें रूप लङ् चें करून टाकतो. ‘गास्यति’ आणि ‘अगायत्’ ह्यांत जें अंतर आहे तें शाळेंतील मुलगाहि जाणतो. गवई आजारी पडतो, आगगाडी चुकते, एखाद्या थोर पुरुषाच्या निधनामुळें त्या दिवसाचे सर्व कार्यक्रम रद्द होऊन शोकसूचक वाद्यसंगीत लागतें. पत्रक मात्र आठवडा दोन आठवडे आधीं छापून टपालांत पडलेलें असतें. त्यास ह्यांतलें कांहीं ठाऊक नसतें. म्हणून पत्रक हें संकल्पाचें साधन आहे, सिद्धीचें नव्हे. संकल्पाचेंहि इतिहासांत मोल आहे. केंद्राच्या मनांत कोणास बोलवावयाचें होतें, कोणत्या विषयास किती मिनिटें द्यावयाचीं होतीं, शेतकऱ्यास कोणती वेळ नेमली होती व शास्त्रीबुवांस कोणती, हें दुसऱ्या कोणत्याहि कागदावरून इतकें स्पष्ट कळत नाहीं. परंतु संकल्पास सिद्धि म्हणणें ही चूक क्षम्य नव्हे.

ह्याच्या उलट टोकास निवृत्त कलावंतांचीं व अधिकाऱ्यांचीं आठवणींचीं पुस्तकें आहेत. तीं घटनेनंतर वीस-तीस वर्षांनीं लिहिलेलीं, गोड, आणि लेखकास नायक करणारीं असतात. आमच्या शास्त्रांत अशा लेखनास बखर म्हणतात, व बखरीचें वजन किती धरावयाचें हें ठरून गेलें आहे. पत्रक आणि बखर ह्यांच्या मधलें जें साधन हवें, म्हणजे घटना घडत असतांना किंवा घडतांक्षणींच झालेली नोंद, जेधे शकावलीसारखी कोरडी व तारीखवार, तें नभोवाणीच्या बाबतींत फारच थोडें आढळतें. केंद्राच्या कचेरींत रोजची नोंदवही असते. ती बाहेरच्या माणसाच्या हातीं लागणें दुर्घट.

एक साधन मात्र कोणी हिशेबांत धरलेलें नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं मला एका रद्दीवाल्याकडे जुन्या पत्रकांचा एक दोरीनें बांधलेला गठ्ठा मिळाला. मूळ मालक कोण होता तें सांगण्याचें कारण नाहीं. तो गाण्याचा षोकी होता व त्याच्या हातांत सदैव पेन्सिल असे, एवढें पानांवरून दिसतें. जो कार्यक्रम त्यानें ऐकला त्यापुढें बारीक फुली, जो आवडला त्यापुढें दोन फुल्या. कोठें कोठें समासांत दोन-तीन शब्द : ‘दुसरेच गाइले’, ‘खरखर फार’, ‘उशिरा सुरू’. एके ठिकाणीं छापील राग खोडून त्यानें दुसरा लिहिला आहे, आणि पुढें प्रश्नचिन्ह घातलें आहे. तें प्रश्नचिन्ह मला फार मोलाचें वाटतें. ज्यास आपल्या कानाची शंका येते त्याची साक्ष अधिक विश्वसनीय. आतां हीच पत्रकें संगणकावर स्वच्छ रूपांत मिळतात म्हणून कागदी प्रति निरुपयोगी समजून टाकून देणारे पुष्कळ आहेत. पोथीच्या समासांतील टिपा कापून टाकून मध्यला मजकूर तेवढा ठेवणाऱ्या बांधणावळ्यास आम्ही काय म्हणतों तें सर्वांस ठाऊक आहे.

पत्रकाची ग्वाही दुसऱ्या प्रमाणानें ताडून पाहतां येते काय? कांहीं वेळां येते, आणि त्याचें उत्तम उदाहरण पुणें केंद्राच्याच अत्यंत प्रसिद्ध कार्यक्रमाचें आहे. हें केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजीं सुरू झालें. दीड वर्षानें, केंद्रावरील सीताकांत लाड ह्यांच्या पुढाकारानें, ग. दि. माडगूळकर ह्यांनीं रचलेलें व सुधीर फडके ह्यांनीं स्वरबद्ध केलेलें गीतरामायण तेथून सुरू झालें. पहिलें गीत १ एप्रिल १९५५ रोजीं, शेवटचें १९ एप्रिल १९५६ रोजीं. दर शुक्रवारीं सकाळीं पावणेनऊस नवें गीत, व तेंच शनिवारीं आणि रविवारीं त्याच वेळीं पुन्हा, असा नेम होता. मूळ संकल्प ५२ गीतांचा होता व प्रत्यक्षांत ५६ झालीं, असें सर्वत्र सांगितलें जातें. चार गीतें कां वाढलीं ह्याचें कारण ‘अधिकमास आला’ एवढेंच देतात. तें पडताळून पाहण्याचे श्रम घेतलेले दिसत नाहींत. तें येथें करून पाहूं.

१ एप्रिल १९५५ हा शके १८७७ च्या चैत्र शुद्ध नवमीचा दिवस, वार शुक्रवार. १९ एप्रिल १९५६ ही शके १८७८ ची चैत्र शुद्ध नवमी, वार गुरुवार. रामनवमीस आरंभ व रामनवमीस समाप्ति असा योजकांचा हेतु उघड आहे. ह्या दोन नवमींत ३८४ दिवसांचें अंतर पडतें; साध्या चांद्रवर्षाचे दिवस ३५४. मधले तीस दिवस शके १८७७ च्या अधिक भाद्रपदाचे. आतां १ एप्रिल १९५५ पासून १३ एप्रिल १९५६ पर्यंत, दोन्ही टोकें धरून, शुक्रवार किती येतात? पंचावन्न. त्यांत अखेरचा गुरुवार, म्हणजे समाप्तीची रामनवमी, मिळविली कीं छप्पन्न. उलटपक्षीं अधिकमास नसता तर ३५४ दिवसांत शुक्रवार एकावन्न आले असते व समाप्तीची नवमी धरून संख्या बरोबर बावन्न झाली असती. म्हणजे ५२ हा आंकडा इंग्रजी वर्षाच्या आठवड्यांवरून आला असें जें कोणासहि सहज वाटेल तें मानण्याचें कारण नाहीं; तो चांद्रवर्षाच्या हिशेबानेंहि तितकाच येतो. आणि ५६ हा आंकडा कवीच्या प्रतिभेस भरती आली म्हणून नव्हे, तर पंचांगानें चार शुक्रवार अधिक दिले म्हणून झाला. ह्यांतून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते, व तीच साधनचिकित्सेच्या दृष्टीनें महत्त्वाची आहे. गीतें ५६ आणि उपलब्ध दिवसहि ५६. तेव्हां एकहि शुक्रवार रिकामा गेलेला नाहीं. वर्षभर दर आठवड्यास जें छापलें तें घडलें. येथें लृट् चा लङ् करण्यास आधार आहे, आणि तो आधार पत्रकाच्या बाहेरचा आहे.

मात्र ‘काय घडलें’ ह्याचें उत्तर मिळालें म्हणजे ‘कसें घडलें’ ह्याचें मिळालें असें नव्हे. आज घरोघरीं ऐकलें जाणारें गीतरामायण हें १९६५ सालीं निघालेल्या दहा ध्वनिमुद्रिकांचें, अथपासून इतिपर्यंत सुधीर फडके ह्यांच्या एकट्याच्या कंठांतलें. नभोवाणीवर तें तसें नव्हतें. पात्राप्रमाणें गायक बदलत असे. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके, राम फाटक इत्यादि अनेकांनीं त्यांत गाइलें. आमच्या परिभाषेंत बोलावयाचें तर १९५५-५६ ची परंपरा ही मूळ वाचना, आणि १९६५ ची ही लोकांत रूढ झालेली उत्तरकालीन वाचना. ह्या दोहोंच्या मध्यें १९५७ सालीं विजयादशमीस भारत सरकारच्या प्रकाशन विभागानें काढलेलें छापील पुस्तक. आणि ह्या तिहींच्याहि आधींचें, मूळ प्रक्षेपणास लागून असलेलें असें एक चौथें साधन आहे. गीताची लोकप्रियता एवढी होती कीं नवें गीत वाजलें कीं त्याचे शब्द त्याच आठवड्यांत वर्तमानपत्रें छापीत. तीं कात्रणें लोकांनीं वह्यांत चिकटवून ठेवलीं. माझ्या मतें गीतरामायणाच्या पाठाच्या दृष्टीनें त्या कात्रणवह्यांचें महत्त्व पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीहून कमी नाहीं, कारण पुस्तकासाठीं कवीनें हात फिरविला असल्यास तो कात्रणें व पुस्तक समोरासमोर ठेवूनच उघड होईल. ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांवर पिढ्या खर्च करणाऱ्या आमच्या मंडळींस सत्तर वर्षांपूर्वींच्या गीतांचा पाठ निश्चित करण्याची लाज वाटूं नये.

आतां थोडें घड्याळासंबंधीं. पत्रकांतील वेळ घेऊन दुसऱ्या प्रसंगाशीं मेळ घालणाऱ्यानें ती कोणत्या घड्याळाची हें आधीं पाहावें. मुंबई शहरांत हिंदुस्थानच्या प्रमाण वेळेहून ३९ मिनिटें मागें असलेली स्थानिक ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत चालत होती. एकाच शहरांत एका भिंतीवर एक व दुसऱ्या भिंतीवर दुसरें घड्याळ. शिवाय युद्धकाळांत, १ सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ च्या मध्यापर्यंत, सरकारनें घड्याळें एक तास पुढें ढकललीं होतीं. त्या तीन वर्षांतील ‘रात्रीं नऊ’ हें सूर्याच्या हिशेबानें आठच. जुन्या पत्रांतील घटिका-पळें सोडविण्याची ज्यांस संवय आहे त्यांस हें अवघड नाहीं. पण लक्षांत आलें पाहिजे.

कार्यक्रमपत्रकाविषयीं इतकें पुरे. बातमीपत्राची स्थिति ह्याहून पुष्कळ वाईट आहे. कार्यक्रम निदान आधीं छापला जातो. बातमी आधीं छापतां येत नाहीं. स्थानिक बातमीपत्र म्हणजे कागदांचा एक लहानसा संच. एकेका बातमीचें एकेक पान, वर ठळक बातम्यांचें एक पान, आणि वेळ उरली तर वाचावयाच्या दोन-तीन जादा बातम्या शेवटीं. वाचणारा घड्याळाकडे पाहत पानें उलटतो. वेळ संपत आली तर मधलें एखादें पान बाजूस सारतो. ऐन वेळीं आलेली चिठ्ठी मध्येंच घालतो. अवघड नांवाचा उच्चार पेन्सिलीनें वर लिहून ठेवतो. ह्यावरून स्पष्ट होईल कीं जें लिहिलें तें सर्व वाचलें गेलें असें नाहीं, आणि जें वाचलें गेलें तें सर्व लिहिलेल्यांत असेलच असेंहि नाहीं. तरीहि ह्या पानांची योग्यता मोठी. धरणांतून किती पाणी सोडलें, कोणत्या गांवाचा रस्ता बंद झाला, बाजारसमितींत कांद्यास काय भाव आला, कोणत्या तालुक्यांत टंचाई जाहीर झाली, हें त्या त्या सकाळीं सांगितलेलें असतें. पेशवे दप्तरांतील कमाविसदाराच्या पत्रांत आम्ही हेंच शोधतों. वर्तमानपत्रांतहि ह्या बातम्या येतात हें खरें; परंतु सरकारी जबाबदारीनें उच्चारलेली बातमी आणि वर्तमानपत्रानें मिळविलेली बातमी ह्यांत भेद आहे, व दोन्ही समोर ठेवल्यावांचून त्या काळच्या लोकांस काय कळूं दिलें गेलें हें ठरवितां येत नाहीं.

ह्या संदर्भांत एक विलक्षण विपर्यास सांगण्याजोगा आहे. १९४२ च्या लढ्यांत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मुंबईंत काँग्रेसचें गुप्त नभोवाणी-केंद्र चालविलें. २७ ऑगस्ट १९४२ पासून १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं पोलिसांनीं धाड घालीपर्यंत तें बोलत होतें. (घड्याळें पुढें ढकललीं तो १ सप्टेंबर ह्याच मुदतींत येतो, हें तेथील वेळा उद्धृत करणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.) केंद्र चोरून चालणारें, जागा वारंवार बदलणारी, जवळ कागद ठेवणें म्हणजे पुरावा ठेवणें. अशा केंद्राचा शब्द उरण्याची आशा कोणी केली नसती. परंतु आज त्या केंद्रावरील भाषणें व बातम्या पुष्कळ अंशीं वाचावयास मिळतात, कारण पोलिस तें केंद्र लक्षपूर्वक ऐकून तें लिहून घेत होते, व तीं टिपणें सरकारी दप्तरांत राहिलीं. शत्रूच्या कारकुनानें मित्राचें चरित्र राखलें. मराठ्यांच्या इतिहासांत इंग्रज वखारीच्या पत्रव्यवहारानें जें काम केलें तेंच. आणि ज्या अधिकृत केंद्रांवर कोणाची पाळत नव्हती, त्यांच्या रोजच्या स्थानिक बातमीपत्रासाठीं कोणी लेखणी उचलली नाहीं.

जून २०२३ मध्यें पुणें केंद्रावरील प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून तेथील बातमीपत्राचें काम छत्रपती संभाजीनगराकडे देण्याचा निर्णय जाहीर झाला. त्यावर पुण्यांत मोठी हळहळ व विरोध झाला, आणि थोड्याच दिवसांत निर्णयास स्थगिति मिळाली. विरोध करणाऱ्यांचें म्हणणें योग्यच होतें. पुण्याची बातमी पुण्याच्या माणसानें सांगावी ह्यांत दुराग्रह नाहीं. पण त्या सर्व चर्चेंत, विभाग हलला असता तर आजवरच्या बातमीपत्रांचे कागद कोठें गेले असते, हा प्रश्न विचारलेला निदान माझ्या वाचनांत आला नाहीं. संस्थान खालसा झालें कीं प्रथम दप्तराची विचारपूस करावी, हें आमच्या मंडळींस तरी सुचावयास हवें होतें. आम्हीं वर्तमानपत्रांतून आवाजासाठीं हळहळ व्यक्त केली आणि कागदाविषयीं गप्प राहिलों. कायद्याचा आधार मुळींच नाहीं असें नाहीं. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा केंद्र सरकारच्या कचेऱ्यांस व त्याच्या पैशावर चालणाऱ्या मंडळांस लागू आहे, आणि ठरवून दिलेल्या रीतीवांचून सार्वजनिक कागद नष्ट करूं नये असें तो सांगतो. त्या कायद्यानें १८९२ पूर्वींच्या कागदांस विशेष अभय दिलें आहे. पण नभोवाणीचा एकूण एक कागद त्या रेषेच्या अलीकडचा. म्हणजे त्याचें भवितव्य कचेरींतील वर्गीकरण करणाऱ्या अधिकाऱ्याच्या समजुतीवर. त्या अधिकाऱ्यास समजूत देण्याचें काम संशोधन-संस्थांचें आहे, आणि तें पत्रव्यवहारानें होण्यासारखें आहे.

छापील पत्रक गेल्यानंतर आतां केंद्रें आपले आगामी कार्यक्रम बहुधा समाजमाध्यमांवर चित्ररूपानें कळवितात. चित्रें सुबक असतात. वक्त्याचा फोटोहि असतो. परंतु लेखनपद्धतीच्या दृष्टीनें त्यांत जुन्या पत्रकाच्या मानानें घसरण आहे, हें स्पष्ट लिहिलें पाहिजे. जुन्या पत्रकाच्या माथ्यावर साल असे, अंक-क्रमांक असे, तरंगलांबी असे, आणि एका दिवसाचे सर्व कार्यक्रम ओळीनें असत. त्यामुळें एकापुढें दुसरें काय लागलें, हरिकीर्तनानंतर बाजारभाव कीं बाजारभावानंतर हरिकीर्तन, हें कळे. नव्या चित्रांवर ‘येत्या रविवारीं सकाळीं’ इतकेंच असावयाचें. साल नाहीं, कित्येकदां महिनाहि नाहीं. तें चित्र एका हातांतून दुसऱ्या हातांत जातां जातां पांच वर्षांनीं पुन्हा कोणाच्या तरी दूरध्वनीवर उगवतें, आणि लोक त्या रविवारीं यंत्र लावून बसतात. शिवाय एकेका कार्यक्रमाचें एकेक सुटें चित्र. सबंध दिवसाचा क्रम कोठेंच नाहीं. मिति नसलेलें पत्र संशोधकाच्या डोक्यास किती ताप देतें तें आम्ही जाणतों. शिवकालीन कारकुनानें मिति घातली नाहीं तर तो घाईंत असेल असें म्हणून सोडून देतां येतें. येथें जागाहि आहे, वेळहि आहे, आणि यंत्र स्वतःच तारीख जाणतें. केंद्रांनीं चित्राच्या कोपऱ्यांत पूर्ण दिनांक व केंद्राचें नांव घालण्याचा नेम केला तर त्यास पैहि खर्च येणार नाहीं.

संग्राहकांसहि दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. नभोवाणीच्या वस्तूंचे संग्राहक आज पुष्कळ आहेत. लाकडी पेटीचे संच, काचेच्या दिव्यांचे खोके, परवान्यांवरील तिकिटें ह्यांस बाजारांत चांगली किंमत येते. परंतु संचाबरोबर घरांतून निघणारे कागद, म्हणजे पत्रकांचे गठ्ठे, केंद्राकडून वक्त्यास आलेलें आमंत्रण व करारपत्र, वक्त्यानें वाचलेल्या भाषणाची हस्तलिखित प्रत, हे विकणाराच आधीं बाजूस काढून फेंकतो. भाषणाची ही प्रत विशेष जपावी. कोणत्याहि वक्त्यास तें आधीं लिहून द्यावें लागे, त्यावर केंद्राच्या अधिकाऱ्याची खूण व कोठें कोठें काटछाट असे, आणि समासांत मिनिटांचे आंकडे असत. काय बोलावयाचें होतें व काय बोलूं दिलें, हें दोन्ही एकाच पानावर मिळतें. विद्वानांच्या निधनानंतर त्यांच्या ग्रंथसंग्रहासाठीं धांवणारे आम्ही टेबलाच्या खणांतील हीं पांच-सहा पानें पाहतहि नाहीं. दुसरी गोष्ट, आज जो कोणी स्थानिक बातमीपत्र ध्वनिमुद्रित करून ठेवीत असेल त्यानें त्याबरोबर एका ओळीची लेखी नोंद ठेवावी : केंद्र, दिनांक, वेळ, कोणी ऐकलें. आवाज स्वतःची मिति सांगत नाहीं.

प्रस्तुत लेखकानें गीतरामायणाच्या १९५५-५६ च्या वृत्तपत्रीय पाठांची यादी करण्यास आरंभ केला आहे. ज्यांच्या घरीं त्या वर्षाच्या कात्रणवह्या असतील त्यांनीं वही पाठविण्याची तसदी घेऊं नये. कोणत्या गीताचें कात्रण आहे, कोणत्या पत्राचें, व त्यावर छापील किंवा हातानें घातलेला दिनांक कोणता, एवढें त्रैमासिकाच्या पत्त्यावर कळवावें. अधिक भाद्रपदाचे पांच शुक्रवार, म्हणजे १९५५ च्या १९ ऑगस्ट, २६ ऑगस्ट, २ सप्टेंबर, ९ सप्टेंबर व १६ सप्टेंबर ह्या दिवसांचीं कात्रणें कोणाजवळ असल्यास तीं आधीं कळवावीं. अधिकमासाचे ते आठवडे कवीनें कोणत्या प्रसंगांवर खर्च केले, हें त्यांवरून पाहावयाचें आहे.